खतीब बाईंचा तास

शाळेत माणसांची जात विचारायची नसते, पण विषयांना जात असते. गणित आणि इंग्रजी वरच्या आळीतले. विज्ञान त्यांच्या शेजारचं. मराठीला घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा मान असतो, म्हणजे नमस्कार सगळे करतात आणि ऐकत कोणी नाही. आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र ही तिन्ही भावंडं एकाच ताटात जेवतात, तेही मधल्या सुट्टीनंतर, पोरांचे डोळे मिटायला लागतात तेव्हा. गॅदरिंगची तालीम असो, लसीकरण असो, कोणा पाहुण्याचं भाषण असो, पहिला बळी त्यांच्याच तासाचा.

हे इतक्या तावातावानं लिहितेय, कारण या जूनपासून इतिहास-भूगोलाचे उरलेसुरले तास माझ्या गळ्यात पडलेत. मी मराठीची बाई. अक्षांश आडवे की उभे, हे वर्गात शिरण्याआधी दरवेळी पुस्तक उघडून बघते. परवा सहावीत नकाशा उलटा टांगला आणि एकानेही सांगितलं नाही, मला ते नंतर कळलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, खतीब बाई असत्या तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं. तेव्हापासून बाई डोक्यातून जात नाहीत.

सुरैया खतीब मूळच्या श्रीवर्धनकडच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, सुती सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, आणि गुडघे कामातून गेलेले. जिना चढताना कठड्याला धरून प्रत्येक वळणावर थांबायच्या आणि कोणी बघत असलं तर भिंतीवरचा सुविचार वाचत असल्याचं सोंग आणायच्या. शाळेतले सगळे सुविचार त्यांना त्यामुळे पाठ होते. खडूचा त्यांना त्रास व्हायचा, शिंका यायच्या, म्हणून खडूला त्या कागदाचा अंगरखा घालत. नवीन आलेल्या शिक्षकांना त्यांच्या मराठीचं हमखास कौतुक वाटायचं. "मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे!" असं कोणी म्हटलं, की बाई डब्यातून मान वर न करता विचारायच्या, "मग कसं असायला हवं होतं? माझ्या आजीला दुसरी भाषा येतच नव्हती." हे उत्तर त्यांनी इतक्यांदा दिलं होतं, की त्यात रागही उरला नव्हता.

आमची शाळा घणसोलीच्या अंगाला. काही पोरं तळवलीतली, गावची जुनी आगरी घरं आहेत त्यांतली. बाकीची तुर्भ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची, नाक्यावर मजुरीला उभं राहणाऱ्यांची. बाईंचा भूगोल पुस्तकापासून सुरू होत नसे. पाचवीत पहिल्या आठवड्यात 'घर ते शाळा' नकाशा काढायचा, हा त्यांचा शिरस्ता. "आपली गल्ली ज्याला सापडत नाही, त्याला हिमालय काय करायचाय?" असं त्या म्हणत. एका वर्षी एका मुलीनं तीन कागद डिंकानं एकापुढे एक चिकटवून आणले. शाळा या टोकाला, मग पूल, मग नुसता लांबच लांब रस्ता, आणि पार त्या टोकाला परभणीकडचं कुठलंसं गाव. वर्ग खो-खो हसला. तिचे आईबाप कोपरखैरण्याला एका बांधकामावर राहत होते, पण घर म्हटल्यावर तिला ती पत्र्याची खोली आठवलीच नाही. बाई हसल्या नाहीत. नकाशा टेबलावर पसरून बराच वेळ बघत बसल्या आणि खाली लाल पेनानं लिहिलं, 'प्रमाण चुकले आहे, रस्ता बरोबर आहे.' मग स्टाफरूममध्ये येऊन चहाचा कप तसाच गार करून टाकला.

त्यांचे दोन शब्द ठरलेले. एक 'पुरावा' आणि दुसरा 'रीतसर'. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, की अमक्या सरांचं तमक्या मॅडमशी बिनसलंय, तर बाई लगेच, "पुरावा?" इतिहास शिकवताना तर विचारायलाच नको. पाचवीला इतिहासाची साधनं असतात: भौतिक, लिखित, मौखिक. बाई सांगत, घरातली जुन्यात जुनी वस्तू घेऊन या. पितळी तांब्या यायचा, चुलत्याचा रेडिओ यायचा. एकदा तळवलीतल्या एका पोरीनं थेट आजीलाच हाताला धरून आणलं. म्हणे, "आमचे घरान दुसरा जुना काय नाय." बाईंना काय आनंद झाला! मौखिक साधन स्वतःच्या पायांनी चालत आलं. आजीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "आजी, इथं शेती होती तेव्हाचं काही सांगा मुलांना." आजीनं बशीतून चहा घेतला आणि सुनेपासून सुरुवात केली. सून कशी उशिरा उठते, मासळीत मीठ कसं जास्त घालते, मोबाईलवर कोणाशी बोलते. तास संपला तरी आजी शेतीपर्यंत पोचली नव्हती. मी दारातून बघत होते. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "हाही इतिहासच. फक्त समकालीन आहे."

अशा हसण्याच्या गोष्टी मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण शेवटच्या दोनतीन वर्षांत बाई दमलेल्या असायच्या. आम्ही सगळेच दमलेलो असतो, त्यात काही विशेष नाही. पण त्यांचं दमणं निराळं होतं. मतदार याद्यांचं काम आलं की पहिलं नाव त्यांचं. घरोघर जायचं, कोण जिवंत, कोण गेलं, कोण भाडं सोडून गेलं, विचारायचं. "नागरिकशास्त्राचा तास बुडवून नागरिक मोजायला जाते," असं म्हणून त्या पिशवी उचलायच्या. एक-दोनदा मीही त्यांच्याबरोबर कोपरखैरण्यात फिरले. लोक आतलं दार उघडतात, जाळीचं बंदच ठेवतात. "संडेला या ना मॅडम, आता टेन्शन चालूये." एका गृहस्थांनी जाळीतून बाईंचं ओळखपत्र वाचलं, आडनावाशी थबकले आणि म्हणाले, "तुम्ही इकडच्याच का?"

"तुम्ही कुठले?" बाईंनी विचारलं.

"आम्ही सांगलीचे."

"मी रायगडची. म्हणजे इकडची मीच जास्त झाले. घरात मतदार किती?"

त्यांनी गुमान सांगितलं. जिना उतरताना बाई वळणावर थांबल्या. तिथं सुविचार नव्हता, सोसायटीच्या थकबाकीदारांची नावं लावली होती. त्या तीच वाचत उभ्या राहिल्या.

त्यांच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. नवरा कधीच वारला होता, मुलगी लग्न होऊन पुण्याला. शेजारची एक बाई दुपारपर्यंत आईजवळ बसायची. शाळा सुटली की रिक्षानं बाई थोड्याच वेळात घरी. आईला वेळेवर जेवण, औषध, कूस बदलणं, सगळं या जवळच्या शाळेवर उभं होतं. निवृत्तीला दोनतीन वर्षं राहिली होती. तेवढी इथंच निघावीत, एवढंच त्यांचं मागणं. आणि मागणं म्हणजे मनातल्या मनात, तोंडानं त्यांनी कधीच काही मागितलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर शाळेला कम्प्युटर मिळाले. कोणा कंपनीनं दिले. खोली रंगवली, एसी बसवला, अभिजित सर म्हणून एक तरुण शिक्षक आले. पोरगा चांगला होता, उगीच त्याला नावं कशाला ठेवू? आता कम्प्युटरला तास हवेत. ते आणायचे कुठून? वरच्या आळीला कोण हात लावणार! मुख्याध्यापक जगताप सरांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की सहावी-सातवीचे इतिहास-भूगोलाचे तास अर्ध्यावर आणू. "पोरं घरी वाचतील हो. वाचण्यासारखाच विषय आहे." तास कमी झाले की शिक्षक जास्त होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जास्त झालेल्या शिक्षकाला जिथं जागा असेल तिथं पाठवतात. म्हणजे तास गेले, की त्यांच्या मागोमाग बाई जाणार. खोलीतल्या प्रत्येकाला हे कळत होतं, म्हणून सगळे खाली बघत होते.

बाई म्हणाल्या, "सर, तास वर्गाचे आहेत. वर्गाला विचारलंत?"

जगताप सर हसले. माणूस वाईट नाही, पण गमतीची सवय आहे. "बरोबर! लोकशाही तुम्हीच शिकवता. मग घ्या मतदान. पोरांना काय हवं ते पोरं सांगतील."

सगळे हसले, चला, विषय निभावला म्हणून. बाई हसल्या नाहीत. "घेऊ," त्या म्हणाल्या. "पण रीतसर."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय काढून घेतला.

हे असलं फक्त नागरिकशास्त्राची बाईच करू जाणे. दुसरी कोणी असती तर युनियनकडे गेली असती, नगरसेवकाच्या दारात बसली असती, निदान डोळ्यांतून पाणी काढलं असतं. बाईंनी मतदानाची तारीख जाहीर केली आणि आचारसंहिता लावली. म्हणजे कोणाला? स्वतःलाच. अभिजित सर त्या आठवड्यात पोरांना कम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळू देत होते. खोलीबाहेर रांग. मी बाईंना म्हटलं, "अहो, दोन शब्द तुम्हीही बोला. निदान पोरांना सांगा, की तास गेले तर तुम्ही जाल."

"ते तर मुळीच सांगायचं नाही."

"का?"

"माझ्या हातात त्यांचे मार्क आहेत. ज्याच्या हातात मार्क, त्यानं मत मागायचं नसतं. आणि दया मागायची तर त्याहून नाही. मतदान कशावर आहे? तासावर. माझ्यावर नाही."

मला त्यांचा राग आला. आजही येतो. तत्त्व बित्त्व सगळं ठीक आहे, पण घरी आई आहे ना, तिची कूस कोण बदलणार? हे मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठीच्या. तुमच्याकडे कवी काहीही लिहून मोकळा होतो. आमच्याकडे लिहिलेलं करून दाखवावं लागतं."

मतदान त्यांनी असं घेतलं, की खऱ्या निवडणुकीत मी तेवढी टापटीप पाहिली नाही. बुटांचा खोका चारी बाजूंनी चिकटवून पेटी. कोपऱ्यात दोन बाकांवर स्वतःची जुनी ओढणी टाकून आडोसा. चिठ्ठीवर दोन चिन्हं, कम्प्युटर आणि पृथ्वीगोल. काडीनं डाव्या हाताच्या बोटाला शाई. एक मुलगा आडोशातून ओरडला, "बाई, कोनाला देऊ?" तर बाईंनी त्याला बाहेर काढलं आणि पुन्हा रांगेत सर्वांत शेवटी उभं केलं. मोजणी मुलांनीच केली, सगळ्यांसमोर. दोन ढीग लावले. पहिल्या काही चिठ्ठ्यांनंतरच कळायला लागलं. कम्प्युटरचा ढीग घसरून खाली पडत होता आणि पृथ्वीगोलाच्या चिठ्ठ्या एका तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्याच. बाईंनी निकाल फळ्यावर लिहिला, तारीख टाकली, आणि पहिली टाळी वाजवली. "हरलेल्यानं आधी वाजवायची असते," असं पोरांना सांगितलं. पोरांनी मग दणकून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी जगताप सर स्वतः स्टाफरूममध्ये आले. अस्वस्थ होते. "बाई, गंमत होती हो ती. असं करू, तुमचे थोडे तास ठेवू. मी वर कळवतो काहीतरी, सांभाळून घेऊ." मी मनात देवाचे आभार मानले. बाई ओढणीची घडी घालत होत्या. शाईचा डाग पडला होता, तो नखानं खरवडून बघत होत्या.

"नको सर," त्या म्हणाल्या. "उद्या सातवीला काय सांगू? मतदान झालं, निकाल लागला, मग मोठ्या माणसांनी आत बसून तो बदलला? एवढं तर ती बाहेरही शिकतील."

सर मान हलवून निघून गेले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काही तेज-बीज होतं असं मुळीच नाही. गाल ओघळलेले, डोळ्यांखाली काळं. दमलेलं माणूस जिना चढायला नको म्हणून खालच्या पायरीवरच बसतं, तशा त्या दिसत होत्या. नाही म्हणण्याची ताकद त्यांच्यात कुठून आली, मला आजही कळलेलं नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. परीक्षांच्या सुमारास हुकूम आला. शाळा करावे गावाकडची, सीवूड्सच्या पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदला, नाहीतर रिक्षाला पगार घाला. आईसाठी पूर्ण दिवसाची बाई ठेवली. ती टिकेना, मग दुसरी ठेवली.

बातमी पोरांपर्यंत पोचली आणि मग तो प्रकार सुरू झाला. मधल्या सुट्टीत एकेक पोर दाराशी येई, इकडे तिकडे बघे आणि बाईंच्या कानाशी लागे. "बाई, मी तुमालाच मत दिलेलं." बाई आधी रागावल्या. "गुप्त असतं रे ते! सांगायचं नसतं." पण पोरं थांबेनात. सहावीतली आली, सातवीतली आली. ज्यांनी टाळ्यांनी छप्पर उडवलं होतं तीही आली. एके दिवशी डबा बंद करत बाई मला म्हणाल्या, "सगळ्यांनी मलाच मत दिलं म्हणतात. मग कम्प्युटर निवडून कसा आला? पेटी फुटली की काय माझी?" मला हसायला आलं, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "हरल्याचं काही नाही हो. पण इतकी वर्षं शिकवलं, आणि पोरं मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतात. कोणाच्या समोर काय बोलायचं, ते बरोबर शिकली. हे मी शिकवलं नव्हतं." मला वाटलं होतं, त्या कधीतरी नोकरीसाठी रडतील. त्या रडल्या त्या याच्यासाठी, डब्याच्या झाकणाकडे बघत.

शेवटच्या दिवशी समारंभ झाला. शाल, श्रीफळ, जगताप सरांचं भाषण. मुलांनी भेटकार्ड दिलं, कम्प्युटरवर छापलेलं. मग गर्दी पांगली. मी त्यांची पिशवी घेऊन जिन्याशी उभी होते. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी आली, दीक्षा नावाची. तळवलीची. वर्गात आहे की नाही कळू नये, अशी गप्प पोर. ती बाईंपुढे येऊन उभी राहिली आणि आपल्या ओढणीचं टोक पिळायला लागली.

बाई थकून म्हणाल्या, "हां, कळलं बाळा. तूही मलाच मत दिलंस. जा आता."

"नाय बाय," ती म्हणाली. "मी नाय दिला. मी कम्प्युटरला दिला."

बाईंचा कठड्यावरचा हात तसाच राहिला.

"घरान मोबाईल येकच हाय, तो दादाकडं असतो. मना हात लावू देत नाय. मना कम्प्युटर शिकाचा व्हता." तिचा श्वास लागला होता. "तुमी जानार ते मना कोनी सांगितलाच नाय."

"सांगितलं असतं तर?" बाईंनी विचारलं. इतक्या हळू, की मला वाटलं, हा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता, तोंडातून निघून गेला.

पोरगी विचार करत राहिली. खरोखर विचार करत होती. खालून शिपाई दारं लावत असल्याचा आवाज येत होता. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "तरी पन कम्प्युटरलाच."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या हसल्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून, गुडघ्याचं दुखणं विसरून. पोरगी घाबरून आणखीच रडायला लागली. "अगं, रडतेस काय? मत दिलंयस, चोरी नाही केलीस." तिच्या डोक्यावर हात ठेवला, स्वतःच्या ओढणीनं तिचं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाली हो माझी नोकरी."

मग माझ्या हातातून पिशवी घेतली आणि जिना उतरू लागल्या. वळणावर थांबल्या, पण भिंतीकडे पाहिलं नाही. मान वर करून त्या मुलीला ओरडून विचारलं, "आणि शिकलीस का मग? कम्प्युटर?"

"हो बाय," ती वरून म्हणाली. "टायपिंग येतो."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि एकेक पायरी उतरत खाली गेल्या.